बॅटरी धर

त्या रविवारी दांडी गावात वेगळं असं काहीच घडलं नाही. वारा पडलेला होता, वाळवणाच्या वलांडीवर बोंबील लटकत होते, गल्लीच्या तोंडाशी कुणाचा तरी टीव्ही ठणाणा करत होता. हिमानी बोईसरहून रिक्षाने येऊन दारात उतरली तेव्हा तिला वडिलांचे फक्त पाय दिसले. बाकीचा रामा पडवीतल्या मोठ्या फ्रीझरच्या मागे होता.

जमिनीवर तिची सावली पडली तशी पाय हलले.

"आलीस काय, बाय? बॅटरी धर."

हे स्वागत तिला परकरात असल्यापासून सवयीचं होतं. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून ती फ्रीझर आणि भिंतीच्या मधल्या अरुंद फटीत शिरली, उकिडवी बसली आणि बॅटरीचा झोत त्याच्या हातांवर धरला. पालघरच्या कॉलेजात, ग्रंथालयात, ती आठवडाभर पोरांना 'हळू बोला' म्हणून दटावायची. इथे हळू बोलून भागत नसे. रामाने उभा जन्म बोटीवर, इंजिनाशेजारी काढला होता आणि इंजिनाने त्याचे कान ठेवून घेतले होते. पुढे बोट विकली, पण कान काही परत मिळाले नाहीत.

त्यामुळे या घरातलं सगळं बोलणं गल्लीच्या मालकीचं झालं होतं. "बाबा, गोळी घेतली काय?" असं हिमानीने विचारलं की समोरच्या ओट्यावरून साखरबाई, रामाची धाकटी बहीण, ओरडून उत्तर द्यायची, "घेतली, घेतली! म्यां बघितली!"

माणसं ऐकू येत नसली तरी मशीन रामाला ऐकू येई. लांब डिसमिसचं टोक तो मशीनच्या अंगाला टेकवायचा, त्याची लाकडी मूठ दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. कानांनी अडवलेला आवाज दातांच्या वाटेने आत जायचा. मग तो मशीनच्या वतीने बोलायचा. पंखा म्हणतो, तेल नाय. मिक्सर म्हणतो, घास मोठा दिलास, गिळवत नाय. शाळेत असताना एकदा त्याने ती मूठ हिमानीच्या दातांत दिली होती. तेव्हा जुन्या फ्रिजची घरघर तिच्या डोक्याच्या अगदी मधोमध येऊन बसली होती आणि ती दचकून हसली होती. तोही हसला होता. त्या मुठीवर तिच्या दातांची खूण अजून होती. त्याच्या खुणांच्या गर्दीत ती आता ओळखू यायची नाही, इतकंच.

त्या रविवारीही तो डोळे मिटून ऐकत होता. हिमानी त्याच्या पाठीकडे बघत होती. बनियनला खांद्याजवळ भोक पडलं होतं आणि त्यातून उन्हाने रापलेली कातडी दिसत होती. ओरडून सांगता येण्यासारख्या गोष्टी तिने त्याला आयुष्यभर सांगितल्या होत्या: जेवण झालं काय, लाईट बिल आलं, शेवटची गाडी गाठायचीय. ज्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत, त्या ती अशीच, त्याच्या पाठीला सांगायची. हळू. ग्रंथालयात बोलतात तशी. फ्रीझरच्या पत्र्याला कपाळ टेकवून ती म्हणाली,

"मी रविवारी आईसाठी नाय येत, बाबा. तुमच्यासाठी येते."

रामाने मूठ दातांतून काढली आणि मान वळवली. "काय म्हणलीस?"

"काय नाय!" ती ओरडली.

"मग बॅटरी हलवू नको."

दुपारी ते जेवले. संध्याकाळी मंजुळेने, तिच्या आईने, डब्यात तळलेले बोंबील भरून दिले. रामा तिला रिक्षापर्यंत सोडायला आला आणि रिक्षावाल्याला इंजिनातून येणाऱ्या खरखरीबद्दल दोन शब्द सुनावून परत फिरला.

सोमवारी सकाळी, हातातला चहा अर्धा राहिला असताना, तो ओट्यावरच कलंडला.

*

बारावं उरकलं, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीझर बंद पडला.

"संपला विषय," निमेश म्हणाला. हिमानीचा धाकटा भाऊ बोईसरच्या एका कंपनीत मशीनवर होता आणि कंपनीतली बोलायची पद्धत त्याने घरी आणली होती. "आता हा भंगारात. आई आमच्याबरोबर."

शब्द मंजुळेनेच दिला होता. सुतकात निमेशने तिला आपल्याकडे न्यायचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली होती, "फ्रीझर चालतो तवर माजा धंदा चालतो. धंदा चालतो तवर मी दांडी सोडत नाय." बोटी लागल्या की मावरं घ्यायचं, बर्फात राखायचं आणि बोईसरच्या बाजारात नेऊन विकायचं, हा तिचा धंदा. फ्रीझर हा त्याचा कणा. तो मोडला, म्हणजे तिच्याच शब्दाप्रमाणे निकाल लागला होता. निमेशच्या बायकोचा, रिद्धीचा, भाऊ पाम गावाहून दुपारी टेंपो घेऊन येणार होता.

मंजुळा फ्रीझर उघडून आतले पापलेट एकेक करून टोपलीत काढत होती. वरचा बर्फ ओलावला होता. तिने कुणाकडे पाहिलं नाही.

"चवथ्या माळ्यावर नेऊन काय करशील रे तिचा?" साखरबाईने पडवीच्या खांबाला टेकून विचारलं. "गॅलरीत सुकत घालशील?"

"आत्या, आमच्याकडे लिफ्ट आहे," रिद्धी म्हणाली.

"मग बरा झाला! टोपली घेऊन लिफ्टमधी उभी रहा म्हणावा वयनीला. तुजा अख्खा बिल्डिंग जिन्याने पळत खाली येल."

रिद्धीला हसू आलं, पण तिने नवऱ्याकडे पाहून ते गिळलं. निमेश हसला नाही.

"तुमाला मस्करी सुचते, आत्या. त्या दिवशी रिक्षा मिळेपर्यंत किती वेळ गेला ते तुमीच सांगला ना मला? मला फोन लागत नव्हता. कसा लागेल? मशीनवर असलो की फोन लॉकरमधी असतो. बाबा गेले ते मला चहाच्या सुट्टीत कळला." त्याचा आवाज चढला होता, तो त्याने खाली आणला. "आईचा पण मला चहाच्या सुट्टीत कळायला नको."

 साखरबाई खांबावरचा पोपडा नखाने काढत बसली.

"ताई, तू तरी सांग," निमेश हिमानीकडे वळला. "दर रविवारी तूच बघत होतीस. एक रविवार गेला काय, बाबा याला उघडून बसले नाय असा? हा फ्रीझर चालत नव्हता. बाबा त्याला चालवत होते. आता कोण चालवणार?"

 हिमानीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आई कुठे राहील याचा निकाल लागत होता, आणि तिचं मन मात्र निमेशच्या एकाच वाक्यापाशी अडकलं होतं. बाबा त्याला चालवत होते. तिने भिंतीकडे पाहिलं. जाळं शिवायच्या सुईशेजारी, खिळ्याला, लांब डिसमिस टांगलेला होता. बारा दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. सुतकात देव्हारा झाकतात, तसं सगळ्यांनी त्या खिळ्याकडे बघायचं टाळलं होतं.

तिने तो काढला.

"काय करतेस?" निमेशने विचारलं.

"बघते."

"तू? कुठल्या पुस्तकात बघून?"

"बॅटरी धर," हिमानी म्हणाली.

 निमेशने फळीवरची बॅटरी घेतली आणि फटीत तिच्यामागे शिरायला लागला. पण फट होतीच कुठे? फ्रीझर भिंतीला चिकटलेला होता. दोघांनी मिळून तो पुढे ओढला. हिमानी खाली बसली, टोक कॉम्प्रेसरच्या काळ्या, गोल डब्याला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. लाकडाला मिठाची आणि तंबाखूची चव होती. तिने डोळे मिटून घेतले, ऐकण्यासाठीच असं नाही.

"चालू कर," ती मूठ दातांतून न काढता म्हणाली.

रिद्धीने बटण दाबलं. एक जड घुमघुम तिच्या डोक्यात उठली, दम लागलेल्या माणसासारखी वर चढली, आणि टक. मग काही नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा घुमघुम, पुन्हा टक.

"काय म्हणतो?" साखरबाईने विचारलं. रामाला सगळे हेच विचारायचे. सवयीने तिच्या तोंडून गेलं.

हिमानीने मूठ काढली. "उठायला बघतो, पण उठवत नाय."

टोपलीत पापलेट रचणारा मंजुळेचा हात थांबला.

"बटण बंद. पिन काढून माझ्या हातात दे, रिद्धी." ही रामाची शिस्त होती. पिन हातात आल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. मग कॉम्प्रेसरच्या कुशीला असलेली छोटी टोपी तिने उपसली. "हलवू नको रे बॅटरी."

"नाय हलवत."

"हलते आहे."

टोपीच्या आत, वायरी जिथे बसतात त्या पितळी पट्ट्यांवर, हिरवट पांढरा क्षार चढला होता. हिमानीने त्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. निमेश "ए, ताई!" म्हणाला, पण त्यालाही माहीत होतं की बाबा असंच करायचे.

"खारट," ती म्हणाली. "हे समुद्राचं पाणी आहे. इथे समुद्राचं पाणी कुठून आलं?"

 सगळ्यांच्या नजरा हळूहळू साखरबाईच्या दिशेने सरकू लागल्या.

"माज्याकडं काय बघता?" साखरबाई म्हणाली.

"आत्या?"

"अगो, त्या दिवशी दादाला नेला. घर धुवायला नको? नळ कोरडा. मग काय, घर तसाच ठेवायचा? पोरं सगळी किनाऱ्यावरच होती, त्यांना सांगला, आणा रे चार बादल्या. होडी धुतो तसा धुतला म्यां. कोपरान् कोपरा." ती थांबली. "जोरात मारला जरा पाणी. रडू येत होता मला."

"पण पाणी इतकं वर चढायचं नाय," हिमानी म्हणाली. "बाबांनी याला ठोकळ्यांवर ठेवलं होतं. जुन्या होडीच्या लाकडाचे. ते कुठे गेले?"

आता नजरा निमेशकडे वळल्या. बॅटरीचा झोत भिंतीवर जाऊन आला.

"माणसं बसायला जागा नव्हती," तो म्हणाला. "ठोकळे काढून मी याला आत सरकवला. मला काय माहीत कशाला होते ते?"

"म्हणजे तू खाली उतरवला आणि आत्यांनी आंघोळ घातली," रिद्धी म्हणाली, आणि या वेळी तिने हसू गिळलं नाही.

पहिली हसली ती मंजुळा. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, खांदे हलवत. बारा दिवसांत तिचे खांदे हलले होते ते फक्त दुसऱ्या कारणाने, म्हणून सगळे तिच्याकडे बघत राहिले, आणि मग साखरबाईही हसली, डोळे पुसत म्हणाली, "बघ दादा, तुज्या फ्रीझरचा पण म्यां सुतक काढला!"

हिमानी कामाला लागली. पॉलिश पेपरचा तुकडा रामाच्या डब्यात होता. पट्ट्या घासून पिवळ्या निघेपर्यंत तिने हात थांबवला नाही. सैल झालेली वायरींची टोकं पकडीने हलके दाबून पुन्हा घट्ट बसवली. टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून जाळ्याच्या दोऱ्याने बांधला. गाठ मारता येईना तेव्हा निमेशने बॅटरी रिद्धीला दिली, दोरा हातात घेतला आणि होडीवर मारायची गाठ बघता बघता मारली. कंपनीत जाऊन तो ती विसरला असेल असं हिमानीला वाटलं होतं.

ठोकळे मागच्या अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याशी सापडले. चौघांनी फ्रीझर उचलून त्यांवर ठेवला. पिन लागली. रिद्धीने बटणावर बोट ठेवलं आणि का कोण जाणे, आधी सासूकडे पाहिलं. मंजुळेने मान हलवली.

घुमघुम उठली, वर चढली, आणि चढतच एका सरळ, संथ सुरावर येऊन स्थिर झाली. टक झालं नाही.

"लागला," साखरबाई कुजबुजली. या घरात कुजबुजायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली असावी.

पण निमेश भिंतीला टेकून उभा होता. हसू त्याच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं. "आज लागला, ताई. चांगला झाला, मावरं वाचला. पण पुढच्या रविवारी? आणि तू नसशील तेव्हा? दर आठवड्याला बिघडणाऱ्या मशीनवर आईने दिवस काढायचे?"

"बिघडायचा नाय," मंजुळा म्हणाली.

सगळ्यांना वाटलं ती पुढचं सांगते आहे.

"आई, हट्ट नको करू. मी स्वतः बघितलाय."

"तू काय बघितला? बाबा याच्या मागं बसलेला बघितला." मंजुळा पापलेट एकेक करून परत फ्रीझरमध्ये ठेवू लागली. "हा फ्रीझर कधी बिघडला नाय. एकदा पण नाय. शनिवारी रात्री मी मावरं ठेवायची, दगडासारखा घट्ट व्हायचा. रविवारी सकाळी तुजा बाबा चहा घेतला की मागचा पत्रा खोलून बसायचा. कधी हा, कधी मिक्सर, कधी पंखा. मी ओरडायची, चांगला चालतोय, कशाला हात लावता? तर म्हणायचा..." तिने झाकण लावलं आणि त्यावर तळवा ठेवला. "म्हणायचा, बाय यायची वेळ झाली. बॅटरी कशावर धरील ती?"

हिमानी खाली बसलेली होती. ती उठली नाही.

कितीतरी पत्रे, कितीतरी स्क्रू तिला आठवले. तिने धरलेल्या झोतात तो एखादा स्क्रू काढायचा, बघायचा, पुसायचा आणि परत लावायचा. नेमकं काय दुरुस्त केलं ते तिला कधी कळलं नव्हतं. आपल्यालाच मशीनमधलं कळत नाही, असं ती समजत आली होती.

"मला नाय कधी बोलावला बॅटरी धरायला," निमेश म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, किंवा थोडी होती.

"तू बोलायचास त्याच्याशी," मंजुळा म्हणाली. "शिव्या द्यायचास, भांडायचास, क्रिकेट सांगायचास. तुमाला मशीन लागत नव्हता."

निमेशने नाक ओढलं आणि बाहेर ओट्यावर गेला. थोड्या वेळाने, तिकडे तोंड करूनच, म्हणाला, "फोन रोज करायचा. सकाळी आणि संध्याकाळी. मी लॉकरच्या साहेबाला सांगून ठेवतो. एक दिवस जरी नाय केलास, आई, तरी टेंपो दारात."

"करीन."

रिद्धीने भावाला फोन लावला. "दादा, टेंपो नको रे आज. ... नाय, तसं काय नाय. फ्रीझर चालतोय." मग जरा थांबून, "ये की असाच. पापलेट देतील आई."

"देतील?" साखरबाई म्हणाली. "इकत घेईल! धंदा हाय तो."

मंजुळा टोपली धुऊन आली आणि फ्रीझरच्या कडेला, हिमानीच्या डोक्याजवळ, टेकली. डिसमिस अजून हिमानीच्या मांडीवर होता. आईने तो उचलला, पदराने मूठ पुसायला गेली आणि न पुसताच परत दिला.

"एक सांग मला," ती म्हणाली. "तू त्याच्या पाठीमागं काय पुटपुटायचीस?"

"कधी?"

"दर रविवारी. संध्याकाळी तू रिक्षात बसलीस की तो मला विचारायचा, बाय माज्या मागं काय म्हणाली गो? मी काय सांगू? इतका हळू बोलायचीस, मला चुलीपाशी काय ऐकू येणार? काय नाय म्हणाली, असा सांगायची मी. त्याला पटायचा नाय. म्हणायचा, काहीतरी म्हणाली. दाताला लागला माज्या, पण उमजला नाय."

हिमानीने पत्र्याला कपाळ टेकवलं. आतली संथ घरघर हाडांतून वर येत होती. त्या दिवशीही तिने असंच कपाळ टेकवलं होतं, आणि तिचा आवाज या पत्र्यातून, त्या लांब लोखंडातून, त्याच्या दातांपर्यंत गेला होता. पोचला होता. फक्त उमजला नव्हता. उमजायला एकच गोष्ट कमी पडली होती.

गोळी घेतली काय, हे ओरडून विचारायचा तो मोठा आवाज तिने बारा दिवसांत काढला नव्हता. तिला वाटलं होतं, आता त्याची कधी गरज लागणार नाही.

ती उठून उभी राहिली. पोटातून श्वास घेतला.

"बाबा!"

ओट्यावर निमेश गर्रकन वळला. समोरच्या घराच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. साखरबाईचं तोंड सवयीने उत्तर द्यायला उघडलं, आणि तिने ते हाताने मिटून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"मी रविवारी आईसाठी नाय येत, बाबा! तुमच्यासाठी येते!"